पावणेआठच्या आत

आमची मुलगी तीन वर्षांची असताना एका रविवारी सकाळी तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, "आमच्याकडे पाहुणे आले." काकूंनी विचारलं, कोण पाहुणे? तिने दारातून माझ्याकडे बोट दाखवलं. मी दाढी करत होतो. काकू हसल्या, बायको हसली, मीही हसल्यासारखं केलं आणि हनुवटीखाली कापून घेतलं. मी चिडका माणूस आहे, तेव्हाही होतो. पण तीन वर्षांच्या पोरीवर चिडून करणार काय? राग गाडीवर काढायचं ठरवलं.

ही गोष्ट साठ सालानंतरच्या दोनेक वर्षांतली. मी अकोल्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि बायको अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवायची. दोन्हीकडच्या घरांत पगारी नोकरी लागलेले आम्हीच पहिले, त्यामुळे दोघांपैकी कुणी नोकरी सोडावी हा विषय कधी निघालाच नाही. पोरगी आईजवळ राहायची. मी शनिवारी संध्याकाळी जायचो आणि सोमवारी भल्या पहाटे परत निघायचो. शनिवारी पाचपर्यंत प्रॅक्टिकल असे, आणि पॅसेंजर त्याआधीच निघून जाई. पुढची गाडी बडनेऱ्याला अशा वेळी उतरवायची की टांगासुद्धा मिळायचा नाही. म्हणून मोटरसायकल घेतली होती.

मोटरसायकल म्हणजे लष्कराच्या लिलावात निघालेलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं विलायती धूड. पाचशे सीसीचं एकच सिलिंडर, वजन साडेचार मण. तिचे व्हॉल्व्ह इंजिनाच्या डोक्यावर नव्हते, बाजूला होते. म्हणजे तिला आत घेतलेला श्वासही वळसा घालून घ्यावा लागे. ओढायची ताकद भरपूर, पळायचं नाव नाही. पस्तीस मैलांच्या वर नेली की हँडल असं थरथरायचं की घरी गेल्यावर हातात चहाचा कप धरवत नसे. अकोल्याहून अमरावती साठेक मैल. मधे बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा, आणि हंगामात रस्ताभर कापसाच्या बैलबंड्या. सव्वापाचला निघालो की बरोबर आठला पोचायचो. पोरगी पावणेआठला झोपायची.

आमची खोली एका अरुंद गल्लीत होती. तिची झोप मोडू नये म्हणून मी हमरस्त्यावर, गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करायचो आणि ते धूड ढकलत दारापर्यंत आणायचो. घाम पुसत आत शिरलो की बायकोला पहिला प्रश्न, "झोपली?" ती म्हणायची, "झोपली." मग जेवण. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी उठून माझ्याकडे लांबून बघत राहायची. दुपारपर्यंत जरा जवळ यायची, संध्याकाळी मांडीवर बसायची, आणि सोमवारी ती उठायच्या आत मी गेलेला असायचो. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून.

मला अर्धा तास पाहिजे होता. साडेसातला दारात उभा राहिलो, जागी असताना तिला उचललं, निजवलं, तर मी पाहुणा राहणार नाही, असा माझा साधा हिशेब होता. मी एक वही केली. दर शनिवारी कुठल्या मैलाच्या दगडाशी किती वाजले ते थांबून लिहायचो. थांबण्यात वेळ जातो हे तिसऱ्या शनिवारी लक्षात आलं, मग चालत्या गाडीवर पाठ करून घरी लिहू लागलो. वहीवरून एवढंच सिद्ध झालं की चूक बंड्यांची नाही, माझी नाही, गाडीची आहे.

अकोल्याच्या जुन्या शहरात एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. लढाईत ते लष्कराच्या वर्कशॉपात होते आणि हीच गाडी शेकड्यांनी उघडून पुन्हा बांधलेली. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदी लावलेली, बोटं जाड. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला मास्तर म्हणायचे. कॉलेजातला माणूस मास्तर नसतो हे मी त्यांना दोनदा समजावलं आणि मग हात टेकले.

"चाचा, हिले पळवाची हाय," मी म्हटलं.

"ही पळाची नाय, मास्तर. चालाची हाय. फौजेनं हिले चिखलातून कागद पोचवाले बनवली. शर्यतीले नाय."

"मले वेळेवर पोचाचं हाय."

"कोनाची गाडी चुकून राहिली?"

मी खरं कारण सांगितलं नाही. स्वतःची पोरगी आपल्याला पाहुणा म्हणते, हे काय गॅरेजात सांगायचं? मी म्हटलं, तुमी कराल का नाई एवढं सांगा. त्यांनी खांदे उडवले आणि पाना हातात घेतला.

कॉलेज सुटल्यावर रोज संध्याकाळी आम्ही बसायचो. आधी हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, उतरवलं. हेडचा खालचा भाग घासून पातळ केला की आतली जागा कमी होते, हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि जोर वाढतो, इतकं मी पुस्तकात वाचलं होतं. किती घासायचं ते काढायला मी प्रयोगशाळेतलं ब्युरेट, मापाच्या खुणांची काचनळी, कुणाला न विचारता पिशवीत घालून आणलं. हेड उपडं ठेवून, वर काच लावून, थेंब थेंब तेल सोडून आतली जागा मोजली. चाचा उकिडवे बसून बघत होते.

"दवाखाना हाय का हा?" ते म्हणाले.

मग त्यांनी त्यांचं माप काढलं. घरून कणकेचा गोळा मागवला. चांगला, पोळीला मळलेला. त्याला तेलाचं बोट लावून व्हॉल्व्हवर थापला, हेड वरून आवळलं, हाताने इंजिन दोनदा फिरवलं आणि पुन्हा उघडलं. कणीक चपटी होऊन बसली होती. ती ब्लेडने कापून तिची जाडी आगकाडीशी लावून पाहिली. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा त्याच्या आणि हेडच्या मधे किती जागा उरते, ते त्या कणकेत दिसत होतं. माझ्या ब्युरेटने सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच कमी घासा, असं कणीक म्हणत होती. चाचांनी कणकेचं ऐकलं. माझं ऐकलं असतं तर पहिल्याच किकला व्हॉल्व्ह हेडवर आपटून वाकले असते. हे मी पुढे कबूल केलं, पण त्यांच्यासमोर नाही.

हेड जिनिंगच्या कारखान्यातल्या लेथवर घासून आणलं. हवा आत शिरायची वाट खडबडीत होती, ती चाचांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाच्या, काडीला पॉलिशपेपर गुंडाळून आतून घासली. पऱ्हाटी वाकते पण मोडत नाही, म्हणून वळणात तीच चालते, असं त्यांचं म्हणणं. तीन संध्याकाळी ते नुसतं घासत होते, मधून मधून करंगळी आत घालून डोळे मिटून बघायचे. कार्ब्युरेटरला पेट्रोल सोडणारं जेट मोठं घातलं. साखळीची पुढची चक्री दोन दातांनी मोठी बसवली. सायलेन्सरच्या पोटातल्या पट्ट्या काढून टाकल्या, धुराला अडवणूक नको म्हणून. सिलिंडरला जिथे सायलेन्सरचा पाइप जोडला होता, तिथे कितीतरी वर्षांची एक फट होती. तीही भरून टाकली.

गाडी सुरू केली तेव्हा गल्लीतली कुत्री पळाली. आधी ती डग, डग करत चालायची. आता मांजरपाट फाडत नेल्यासारखा आवाज सलग येत होता. मला फार आनंद झाला. चाचा जरा वेळ मान वाकडी करून ऐकत राहिले.

"जोर आला," ते म्हणाले. "पन आवाज तिचा नाय राहिला."

"आवाजाचं काय करता, चाचा? आवाजावर बसाचं हाय का?"

त्यांनी हात रॉकेलने धुतले आणि नमाजाला गेले.

पहिला शनिवार. बोरगाव मंजूला मी वहीच्या आठ मिनिटं पुढे होतो. पन्नास मैलांचा वेग काय असतो ते मला पहिल्यांदा कळत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी एकटाच मोठ्याने हसत होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या बंड्यांची रांग लागली. एरवी त्या आपोआप डावीकडे सरायच्या. आज पहिल्या बंडीचे बैल बिथरले, उधळले आणि बंडी रस्त्याखाली उतरली. वर बांधलेलं एक बोंदरं, कापसाचं गाठोडं, सुटून पडलं आणि कापूस धुरळ्यात पसरला. मी थांबलो. बंडीवाला शिव्या देत आला आणि माझं तोंड पाहून अर्ध्यातच थांबला.

"मास्तर, तुमी हाय का? मले वाटलं कोनतं भूत येऊन राहिलं! आवाज काहून बदलवला?"

तोही मला मास्तरच म्हणत होता. रस्त्यावरची माणसं मला ओळखतात हेच मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "तुमचा आवाज दुरून आला का आमी बंडी बाजूले घेतो. बैलाईलेबी मालूम झालं होतं." मी त्याच्याबरोबर कापूस गोळा केला, बंडी वर लोटली, मनातल्या मनात मिनिटं मोजत. त्याचं बोलणं मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. सहा मिनिटं गेली याचाच राग होता.

तरी साडेसातला पाच कमी असताना मी गल्लीत होतो. या वेळी इंजिन बंद केलं नाही. थेट दारापर्यंत वाजवत आणली आणि हातमोजे न काढता आत शिरलो. बायको चुलीपाशी होती. पोरगी खिडकीशी खाटेवर बसली होती, टक्क जागी. 

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि आईला सांगितलं, "पाहुणे आले."

मी तिला उचललं. तिने ते सहन केलं, एवढंच म्हणता येईल. मग अंग आक्रसून खाली उतरली, परत खाटेवर चढली आणि गजांना तोंड लावून बाहेर बघत बसली.

"झोपाचं नाई का?" मी विचारलं.

"बाबा नाई आले अजून," ती म्हणाली.

मी बायकोकडे पाहिलं. तिने तवा उतरवला, हात पुसले.

"तिले वाटते, बाबा म्हणजे तो आवाज," ती म्हणाली. "दर शनिवारी जेवली का खिडकीत बसते. रस्त्यावर तुमची गाडी वाजते, मी म्हणते, आले पाह बाबा. मंग ती आडवी होते. तुमी गाडी ढकलत येईपर्यंत झोपून जाते. आवाज आल्याबिगर नाई झोपत."

"पावणेआठले झोपते म्हणत होती ना तू."

"मी कवा म्हटलं? तुमीच म्हटलं. तुमी पोचता आठले, ती झोपली राहते, तुमीच हिशेब लावला का पावणेआठले झोपत असेल."

हे खरं होतं. पावणेआठ हा आकडा माझाच होता. ज्या वहीत मी मैलाचे दगड लिहीत होतो, तिच्या पहिल्या पानावर तो मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, कुणालाही न विचारता.

"अन सकाळी घरात जो माणूस राहते तो?" मी विचारलं.

"तो पाहुणा."

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी आल्या आल्या घड्याळ पायता. मंग विचारता, झोपली? मी म्हणते, झोपली. कशी झोपली हे कवा विचारलं?"

मी एवढा विज्ञान शिकवणारा माणूस. निरीक्षणाआधी निष्कर्ष काढू नका म्हणून पोरांचे कान उपटणारा. त्या वेळी स्वतःचे कान कुठे ठेवावेत ते कळेना. पोरगी खिडकीतून हलली नाही. मी जेवलो, ती बसलेली. बायकोने तिला दोनदा सांगितलं, हे पाह, बाबा इथं हाय. तिने माझ्याकडे पाहून नम्रपणे मान हलवली, मोठी माणसं वेड्याशी बोलताना हलवतात तशी. शेवटी गजांवर डोकं टेकून तिला झोप लागली. झोपेत गाल ओला होता. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

सोमवारी कॉलेजच्या आधी गॅरेजात गेलो आणि चाचांना सगळं सांगितलं. पाहुण्यापासून सांगितलं. ते पेटीवर बसून ऐकत होते.

"हे पयले सांगाचं ना, मास्तर," ते म्हणाले. "मी समजलो, शौक हाय."

"आता पयल्यासारखी करून द्या."

"घासलेलं लोखंड वापस येते का?"

पण त्यांनी केलं. भंगारातून एका फुटक्या घंगाळाचं बूड आणलं, त्याचा तांब्याचा पत्रा कापून, भट्टीत लाल करून, पाण्यात विझवून मऊ केला आणि हेड आणि सिलिंडरच्या मधे बसवला. जितकं घासलं होतं तितकंच तांबं आत आलं. पुन्हा कणीक, पुन्हा आगकाडी. जुनी चक्री, जुनं जेट. सायलेन्सरच्या पट्ट्या कोपऱ्यात पडल्या होत्या, त्या परत जोडल्या. हवेची वाट मात्र घासलेलीच राहू दिली; तीन संध्याकाळींची मेहनत होती, आणि तिच्याने आवाजात फरक पडत नव्हता.

सगळं झाल्यावर गाडी सुरू केली. डग, डग, डग, डग. मला बरोबर वाटली. चाचांनी मान हलवली, नाही.

"फुस कुठं हाय?"

"कोणतं फुस?"

"पाइपाची फट भरली ना आपन. चार डग अन मंग फुस, अशी चालत होती ती. तुमी दोन वर्सं बसले तिच्यावर, ऐकलं नाय?"

नव्हतं ऐकलं. माझ्याकडे प्रत्येक दगडाची वेळ होती, आवाज नव्हता. चाचांनी डोळे मिटून तोंडाने काढून दाखवला: डग, डग, डग, डग, फुस. तोंडाने काढलेला तो आवाज ऐकल्यावर मला एकदम हमरस्ता, गल्लीचं तोंड, घाम, सगळं आठवलं. चांगलं काम बिघडवायला आपण कधी शिकलो नाही अशी कुरकुर करत त्यांनी भरलेली फट थोडी थोडी मोकळी केली. दर वेळी गाडी चालू करून ऐकायचे, बंद करून तोंडाने म्हणायचे, मग मला म्हणायला लावायचे. मी म्हटलं, मी कशाला? ते म्हणाले, "सुरातली फट उद्या पुन्हा बुजली तर सांगाल कसं?" म्हणून मी, बी.एस्सी. फिजिक्स, गॅरेजातल्या स्टुलावर बसून डग डग करत होतो. फुस तिसऱ्यालाच निघालं की ते रागवायचे.

त्या शनिवारी मूर्तिजापूरजवळ बंड्या आपोआप डावीकडे सरल्या. आठला पाच कमी असताना मी गल्लीशी आलो आणि इंजिन बंद न करता हळूहळू आत शिरलो. बायकोला आधी पत्र टाकलं होतं, ती पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. पोरगी नाचत होती. हेडलाइटकडे दोन्ही हात पसरून "बाबा! बाबा!" ओरडत होती. मी दारात गाडी थांबवली. मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पाहुणे," ती म्हणाली, "तुमी बाबावर काहून बसले?"

बायको हसायला लागली.  मी इंजिन बंद केलं. गल्ली एकदम शांत झाली आणि पोरीचा चेहरा उतरला.

"बाबा गेले," ती हळूच म्हणाली.

मी गाडी स्टँडला लावली, उतरलो आणि तिच्यासमोर पायरीवर बसलो. हातमोजे काढले. शेजारचे काकू-काका ओट्यावर होते, त्यांच्यासमोरच मी तोंड उघडलं. डग, डग, डग, डग, फुस. ती कडेवरून घसरून खाली उतरली. आधी गाडीकडे गेली, टाकीला हात लावून पाहिला. गाडी गप्प होती. मग माझ्याकडे आली. मी करतच होतो. तिने बोटं माझ्या ओठांवर ठेवली. फुसला तोंडातून हवा आली तशी बोटं झटकन मागे घेतली, आणि परत ठेवली. माझ्या तोंडात वाकून आत बघितलं.

"बाबा," ती म्हणाली. "अजून."

मी अजून केलं. जेवण तसंच राहिलं. तिला खाटेवर घेऊन पडलो आणि तिला झोप लागेपर्यंत करत राहिलो. तिची बोटं शेवटपर्यंत माझ्या तोंडावर होती, आणि फुस चुकीच्या जागी आलं की ती डोळे उघडायची.